मॅश कशी दाखवावी

सगळ्यात आधी हशा बंद करा.

मॅश ही लढाईतल्या लष्करी डॉक्टरांवरची जुनी अमेरिकन विनोदी मालिका. तिच्यात मागे माणसं हसल्याचा आवाज घातलाय, तो बंद करायची सोय डीव्हीडीत आहे. मेनूमध्ये भाषा निवडतात, तिथेच हशाशिवाय ऐकायचा पर्याय मिळतो. वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, मी पहिला भाग दाखवला तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागे माणसं हसली की वन्संचं लगेच, "काय झालं गं? का हसले?" मी सांगेपर्यंत पुढचा हशा. पंचवीस मिनिटांच्या भागाला सव्वा तास लागला आणि शेवटी त्या म्हणाल्या, "एवढं खिदळण्यासारखं काही नव्हतं बाई त्यात." दुसऱ्या दिवशी हशा बंद केला. आता त्यांना हसू आलं तर हसतात, नाही तर वाती वळत बसतात.

हा हशा मालिका करणाऱ्यांनाही नको होता. लॅरी गेल्बार्ट आणि जीन रेनल्ड्स या दोघांनी मॅश उभी केली. पण ते साल होतं १९७२ आणि सीबीएस वाहिनीच्या मते विनोदी मालिका म्हटली की हशा हवाच. शेवटी तडजोड झाली ती अशी, की बाकी सगळीकडे हशा घाला, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, घालू नका. इंग्लंडात बीबीसीनं तर हशा काढूनच मालिका दाखवली. एखादा भाग तुम्ही एकट्यानं मुद्दाम हशासकट बघा. ओटीचा प्रसंग सुरू झाला की हॉकआयचा, म्हणजे मालिकेतल्या मुख्य सर्जनचा, वात्रटपणा तसाच चालू असतो, पण मागचं सगळं एकदम गप्प होतं. मी ३१ वर्षं ओटीत नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची १२ इन्चार्ज म्हणून. टाके घालता घालता सर्जननं केलेला विनोद कसा ऐकू येतो, ते मला माहीत आहे. अगदी तस्साच ऐकू येतो.

तर हे ज्यांनी नव्वदच्या दशकात केबल नवीन असताना रात्री उशिरा मॅश बघितली आणि आता घरातल्या इंग्रजी न येणाऱ्या कुणाला तरी ती दाखवावीशी वाटते, त्यांच्यासाठी. मी तेव्हा संध्याकाळची ड्यूटी संपवून दहाला घरी पोचायचे. मुलगा झोपलेला, हे जेवायचे थांबलेले. ताटं मांडीवर घेऊन आम्ही ती बघायचो. यांना निम्मी कळायची, मला निम्मी, आणि दोघांचे अर्धे भाग वेगवेगळे असल्यामुळे भागायचं. वन्संना इंग्रजी अजिबात येत नाही. वय ७८, आयुष्य नारायण पेठेतल्या वाड्यात गेलं. वाडा बिल्डरकडे गेल्यापासून त्या आमच्याकडे कोथरूडला आहेत. कान तिखट, जीभ त्याहून.

डिस्कांचं एक सांगते, म्हणजे तुमचा आठवडा वाया जायचा नाही. पुतण्यानं अमेरिकेहून ३६ डिस्कांचा अख्खा संच आणला आणि आमच्या प्लेअरनं तो घ्यायलाच नकार दिला. अमेरिकेतल्या डिस्क एक नंबरच्या विभागाच्या असतात, भारत पाचव्या विभागात येतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथल्या एका पोरानं रिमोटची चार-पाच बटणं ओळीनं दाबून प्लेअर सगळ्या विभागांसाठी मोकळा करून दिला. पैसे घेतले नाहीत, "काकू, पुढच्या वेळी टीव्ही आमच्याकडून घ्या" म्हणाला. सगळेच प्लेअर असे मोकळे होत नाहीत, म्हणून डिस्क नेऊन तिथेच लावून बघा.

वेळ जेवणं उरकून ओटा पुसून झाल्यावरची. रात्री एक भाग, दुसरा नाही. मुलगा शनिवारी सलग पाच-पाच लावतो तसं इथं चालत नाही. भाग पंचवीस मिनिटांचा असला तरी त्यावरचं बोलणं पाऊण तासाचं असतं, आणि खरी मजा त्यात आहे. बुधवारी आमच्याकडे मॅश नाही. गुरुवारी पाणी बंद असलं तर बुधवारी रात्री बादल्या-पिंपं भरायची असतात आणि वन्सं त्यात कुणावर विश्वास टाकत नाहीत.

सुरुवातीला पाठ द्यायला बसू नका. मी बसले होते. जगाचा नकाशा, कोरिया कुठं, उत्तर-दक्षिण काय. वन्संनी जांभई दिली. मग एकाच वाक्यात सांगितलं, "लढाई चाललीय, हे डॉक्टर सक्तीनं आणलेत, तंबूत ऑपरेशनं करतात आणि वेड लागू नये म्हणून चेष्टा करतात." एवढं पुरतं. मॅश म्हणजे फिरतं लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालय. आघाडी सरकली की हेही गाशा गुंडाळून सरकणार. आपल्या मालिकेतल्या रुग्णालयाचा नंबर ४०७७, मुक्काम सोलच्या उत्तरेला उइजोंगबूजवळ. खरी लढाई जून १९५० ते जुलै १९५३, म्हणजे तीन वर्षं आणि वर महिनाभर. मालिका चालली ११ वर्षं, २५६ भाग. वन्संना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग आपल्या मालिकांना का नावं ठेवता?"

त्यांचं लक्ष खरं लागलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीनं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त कर्नल आहेत, एएफएमसीत, म्हणजे इथल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉक्टर. लिफ्टपाशी मी मॅशचा विषय काढला तर ते तिथेच उभे राहिले. कोरियात आपलेही डॉक्टर होते, म्हणाले. ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज. १९५० च्या नोव्हेंबरात गेले. प्योंगयांग सोडून मागे यायची वेळ आली तेव्हा सामान न्यायला गाड्या नव्हत्या, म्हणून या लोकांनी एक वाफेचं इंजिन आणि डबे मिळवले आणि औषधं, हत्यारं सगळं भरून दक्षिणेला आणलं. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर यांच्यातल्या काहींनी उड्याही मारल्या. रंगराजांना महावीर चक्र मिळालं. आणि लढाई थांबल्यावर मायदेशी परतायला तयार नसलेले जे २२ हजारांहून जास्त युद्धकैदी होते, त्यांची राखण करायला भारतानं फौज पाठवली. तिचे प्रमुख मेजर जनरल थोरात.

"कुठले थोरात?" वन्सं म्हणाल्या.

"कोल्हापूरकडचे. शंकरराव."

वाती खाली ठेवल्या. आपल्या फौजेच्या तळाला हिंद नगर म्हणायचे, हे सांगितल्यावर तर कोरिया एकदम हडपसरच्या पुढं आल्यासारखा झाला. मॅशमध्ये हिंद नगर कधी येतं, हे त्या अजून अधूनमधून विचारतात. येत नाही. पण तुमच्या घरातल्या माणसाला असा एखादा धागा शोधून द्या, मग ती व्यक्ती पुढचं स्वतःच ओढून घेते.

नावांचा हट्ट धरू नका. वन्संनी पहिल्या आठवड्यातच सगळ्यांचं बारसं करून टाकलं. हॉकआय पीअर्स म्हणजे "उंच वाह्यात". क्लिंगर सैन्यातून सुटका व्हावी म्हणून बायकांचे कपडे घालून हिंडतो, वेडा ठरवून घरी धाडतील या आशेनं. तो अर्थातच "झगेवाला". छावणीचा कारकून रडार "चष्म्याचं पोर". फ्रँक बर्न्स "चोंबडा", आणि याहून नेमका शब्द इंग्रजीतही कुणाला सापडला नसेल. पाद्री मल्केही "गुरुजी". मार्गारेट हुलिहान "मेट्रन". सहाव्या वर्षी येणारे बोस्टनचे विंचेस्टर "इनामदार". या नावांनी बोललं की गोष्ट मराठीतच घडायला लागते. मी आता स्वतःही झगेवालाच म्हणते. ते काम करणारा नट जेमी फार नावाचा, त्याच्या गळ्यातले ओळखीचे बिल्ले मालिकेसाठी बनवलेले नाहीत, त्याचे स्वतःचे सैन्यातले आहेत. झग्यावर ते लोंबताना दिसले की मला जरा वेगळंच वाटतं. रडारचं काम करणाऱ्या गॅरी बर्गहॉफच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासून लहान आहेत. तो हात तो कायम फायलीआड, नाही तर खिशात ठेवतो. हे वन्संनी माझ्याआधी टिपलं. मी ३१ वर्षं हातच बघत आले, आणि मला दिसलं नाही.

विनोद भाषांतरित करायच्या फंदात पडू नका. हॉकआय शब्दांवर कोट्या करतो, त्या मराठीत आणल्या की मेल्याच. कोटी गेली तर जाऊ द्या, कुणाची खोडी काढतोय एवढं कळलं की पुरे. भाग लावायच्या आधी मी दोन वाक्यांत प्रसंग सांगते, शेवट कधीच सांगत नाही. मध्ये विचारलं तरच पॉज. इंग्रजी सबटायटल मी माझ्यासाठी लावते. माझे कान आता वन्संपेक्षा मंद झालेत.

आता कुठून सुरू करायचं? पहिल्या भागापासून तर नकोच. पहिलं वर्ष मला आवडत नाही आणि त्याचं कारण सांगायला मला संकोच नाही. त्यात नर्सेस म्हणजे डॉक्टरांनी तंबूभोवती पळवायच्या बाहुल्या. नाव नाही, गाव नाही, गणवेश तेवढा. केबलवर बघायचे तेव्हा हे हसायचे आणि मी ताट उचलून आत जायचे. पुढं हे सुधारत गेलं. अकराव्या वर्षी तर एका भागात केली नावाची नर्स हॉकआयला तोंडावर सुनावते, की इतकी वर्षं मी शेजारी उभी आहे आणि तू माझ्याकडे एकदाही नीट बघितलं नाहीस. तो भाग वन्संनी दोनदा लावायला सांगितला.

सुरुवात खाण्यापासून करा. तिसऱ्या वर्षातला "ॲडम्स रिब्स" लावा. मेसमध्ये रोज कलेजी नाही तर मासे, शेवटी हॉकआयचा स्फोट होतो आणि तो कोरियातून थेट शिकागोच्या एका हॉटेलात फोन लावून तिथून मटणाच्या बरगड्या मागवतो. खरं तर डुकराच्या, पण वन्संपुढे मी मटण म्हटलं तरी पुष्कळ झालं. ट्रंककॉलसाठी चाललेली लांड्यालबाड्यांची साखळी कुणालाही कळते. ज्यांनी पोस्टात जाऊन तीन तास कॉलची वाट बघितलीय त्यांना जास्तच. आणि एवढं सगळं करून बरोबरची कोबीची कोशिंबीर सांगायची राहिली! वन्सं इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. लग्नघरात कोशिंबीर विसरल्याचा त्यांचा स्वतःचा एक किस्सा आहे, तो त्या रात्री मी सतराव्यांदा ऐकला.

दोन-चार हलके भाग झाले की "समटाइम्स यू हिअर द बुलेट". पहिल्याच वर्षातला आहे, माझ्या तक्रारीला अपवाद. हॉकआयचा जुना मित्र येतो, मजा करतो, आघाडीवर जातो आणि परत येतो तो टेबलावर. त्याला वाचवता येत नाही. त्यानंतर हेन्री ब्लेक, म्हणजे त्यांचा तो गबाळा कमांडर, हॉकआयला सांगतो की युद्धात तरुण मुलं मरतात हा पहिला नियम, आणि तो डॉक्टरांना बदलता येत नाही हा दुसरा. हे मी भाषांतर करून सांगितलं. मॅशभर बहुतेक तेवढं एकच.

या भागानंतर काही बोलू नका. मी टीव्ही बंद केला, वन्सं बराच वेळ बसून होत्या. मग पानशेतचं बोलायला लागल्या. १२ जुलै १९६१, त्या चौदा वर्षांच्या. धरण वाचवायला जवान रात्रभर वाळूची पोती टाकत होते, हे नंतर सगळ्यांच्या तोंडी होतं. पण त्यांना आठवतो तो पाणी ओसरल्यावरचा चिखल, आणि त्या चिखलात चिकटलेलं कुणाचं तरी शाळेचं दप्तर. पंचेचाळीस वर्षं या घराशी नातं आहे माझं, हे दप्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

ओटीविषयी मला विचारतात, खरंच असं असतं का? बोलणं खरं आहे. पोट उघडं असताना सर्जन कांद्याच्या भावावर बोलतात, क्रिकेटवर बोलतात. बाहेरच्याला हे निर्दय वाटतं. गप्प बसलेल्या सर्जनची आम्हाला जास्त भीती वाटायची, कारण काहीतरी बिनसलंय असा त्याचा अर्थ. काचेच्या बाटल्या खऱ्या आहेत, माझ्या सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडेही सलाइन काचेच्याच बाटलीतून जायचं. पाय दुखणं खरं आहे. मालिकेला वॉल्टर डिशेल नावाचे डॉक्टर सल्लागार होते, आणि कॉनी इझे नावाची नर्सही. हे नाव पाट्यांमध्ये दिसलं की मी वन्संना दाखवते. खोटं काय, तर स्क्रब नर्सचा फक्त हात दिसतो, हत्यार देणारा. आणि मोजणी क्वचितच दिसते. आमचा निम्मा जीव मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजण्यात जायचा. आधी मोजायचे, पोट शिवायच्या आधी मोजायचे, नंतर परत मोजायचे. एक कमी आला तर सगळं थांबवायचं, मग समोर कितीही मोठा डॉक्टर असो. मोजणीत नाट्य नसतं म्हणा. ज्या दिवशी असतं, त्या दिवशी घाम फुटतो.

त्यांच्या अंगणात हेलिकॉप्टरं उतरतात आणि डॉक्टर स्ट्रेचरांमधून पळत आधी कोण, नंतर कोण ठरवतात, ते मी पूर्वी नुसतं बघायचे. १३ फेब्रुवारी २०१० ला शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. मी सुट्टीवर होते, फोन आला, रिक्षा मिळेना, शेजारच्या मुलानं स्कूटरवरून सोडलं. त्या रात्रीचं मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की तीनच्या सुमारास एका ज्युनिअरनं आपल्याच बुटांवरून काहीतरी फालतू विनोद केला आणि आम्ही पाच जणी मास्कमध्ये हसलो. दुसऱ्या दिवशी त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

म्हणून "लाइफ टाइम" हा आठव्या वर्षातला भाग मी पाहुण्यांच्या गर्दीत लावू देत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असतं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फाटलेला मुलगा, वीस मिनिटांत रक्त पुढं गेलं नाही तर पाय कायमचे जाणार. जोडायला रक्तवाहिनीचा तुकडा हवाय, आणि तो मिळणार शेजारच्या मरणाऱ्या मुलाकडून, ज्याचा मित्र त्याचा हात धरून बसलाय. कोरियाच्या लढाईत तुटलेल्या रक्तवाहिन्या नुसत्या बांधून टाकण्याऐवजी जोडायला सुरुवात झाली आणि कितीतरी पाय वाचले, हे खरं आहे. भाग चालू असताना वन्संच्या वाती थांबल्या. वाती थांबणं हे आमच्याकडचं मोजमाप आहे. तुमच्या घरी दुसरं काहीतरी असेल, शेंगा सोलणं, मोबाइल. तिकडं एक डोळा ठेवा, भाग पोचतोय की नाही ते लगेच कळतं.

"द नर्सेस" माझा भाग. पाचव्या वर्षातला. मेट्रन मार्गारेट शिस्तीची, कडक, मुली तिच्यावर जळतात. भांडण विकोपाला जातं आणि ती फुटते. तुम्ही तंबूत हसत असता, मी बाहेरून जाते, कधी एकदा तरी कुणी मला साधी कॉफी विचारलीत का? मी इन्चार्ज झाले त्यानंतर स्टाफरूमचं दार उघडलं की आतलं बोलणं थांबायचं. बारा वर्षं मी चहा माझ्या टेबलावर एकटीनं प्यायले. हा भाग आला की माझ्या घशात येतं, आणि वन्संनाही येईल अशी माझी खात्री होती. त्यांनी शांतपणे वात वळली आणि म्हणाल्या, "त्या मुलींचंही बरोबर आहे. हिचं तोंड बघून चहा विचारायची हिंमत कुणाला होईल?"

मला दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी माझी एक जुनी ज्युनिअर सहज भेटायला आली, तिला विचारलं. ती म्हणाली, "सिस्टर, खरं सांगू?" आणि पुढं काही बोलली नाही, चहा मात्र दोनदा घेतला.

हेन्रीच्या निरोपाचा भाग "अ‍ॅबिसिनिया, हेन्री", तिसऱ्या वर्षाचा शेवट. त्याआधी हेन्रीचे निदान दहा भाग बघून झालेले हवेत. इशारा देऊ नका, "आज जरा वेगळा भाग आहे" असंही म्हणू नका. हेन्रीची सुटका होते, तो घरी निघतो, सगळे निरोप देतात. मग ओटी. रडार मास्क न लावता आत येतो, त्याला कुणीतरी टोकतं, आणि तो कागद वाचून सांगतो की हेन्रीचं विमान पाडलं, कुणी वाचलं नाही. पटकथेचं हे शेवटचं पान बहुतेक नटांनाही शूटिंगच्या तोंडावरच दिलं होतं. त्या शांततेत एक हत्यार खाली पडल्याचा आवाज येतो. तो ठरवलेला नव्हता, तसाच ठेवला. ओटीत हत्यार पडल्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

वन्सं भडकल्या. "चुकून सांगितलं असेल. पुढचं लाव." मी पुढची डिस्क लावून दाखवली, हेन्री नाही. त्याच्या जागी येतात कर्नल पॉटर, घोड्यावर प्रेम करणारे, प्रेमळ म्हातारे. आणि इथं एक खड्डा आहे, तो चुकवा. पॉटर झालेले हॅरी मॉर्गन आदल्याच वर्षी एका भागात वेड्या जनरलच्या कामात येऊन गेलेत. तो भाग आधी दाखवलात तर संपलं. वन्संनी पॉटरना बघताक्षणी ओळखलं, "हा तर तो वेडा! ह्याला प्रमुख केलं?" पुढचे कित्येक भाग त्या पॉटर बोलायला लागले की पाणी प्यायला उठायच्या.

"द इंटरव्ह्यू" काळा-पांढरा आहे, एक बातमीदार सगळ्यांना प्रश्न विचारतो. बोलणं फार आणि घडणं काहीच नाही, वन्संना झोप लागली. मला स्वतःला तो फार आवडतो, पण तुम्ही तो एकट्यानं बघा.

शेवटचा भाग "गुडबाय, फेअरवेल अँड आमेन". २८ फेब्रुवारी १९८३ ला दाखवला तेव्हा अमेरिकेत १० कोटींहून जास्त लोकांनी बघितला. जाहिरातींसकट अडीच तासांचा. आम्ही तीन रात्री केल्या, बुधवार टाळून. हॉकआय वेड्यांच्या इस्पितळात का आहे, बसमध्ये काय झालं, हे अजिबात फोडू नका. तंबूंना लागलेला वणवा मालिकेसाठी लावलेला नाही. मालिबूच्या डोंगरात जिथं सेट होता तिथं १९८२ च्या ऑक्टोबरात खरोखर वणवा येऊन सेट जळाला, तो त्यांनी गोष्टीत घेतला. इनामदारांचं आणि त्या चिनी वादकांचं जे होतं, त्यानंतर आम्ही त्या रात्रीपुरतं थांबलो.

तिसऱ्या रात्री, शेवटची दहा मिनिटं उरलेली असताना डिस्क अडकली. हॉकआयचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि तिथंच राहिला. वन्सं म्हणाल्या, "सांग." मग मी सांगितलं, तीस वर्षांपूर्वी ताट मांडीवर घेऊन बघितलेलं. बी.जे., म्हणजे हॉकआयचा जिवलग मित्र आणि तंबूतला सोबती डॉक्टर, जायला निघतो, पण निरोपाचा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. हॉकआयला त्याच्या मनातलं कळतं. तो रात्री उठून डोंगराच्या अंगाला दगड मांडतो. बी.जे.चं हेलिकॉप्टर वर जातं आणि खाली दगडांनी लिहिलेलं दिसतं, गुडबाय. सांगताना माझाच आवाज गेला. वन्संनी डोळे पुसले, वाती डब्यात भरल्या.

अशी डिस्क अडकली तर घाबरू नका. कोमट पाण्यात एक थेंब साबण, मऊ सुती कापड, आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल कधीच नाही. सावलीत वाळवायची. माझी दुसऱ्या दिवशी चालली. वन्संना हाक मारली आणि दोघींनी उरलेला भाग बघितला.

बी.जे. मोटारसायकलवरून जातो. हेलिकॉप्टरमध्ये हॉकआय असतो. दगड बी.जे.नं मांडलेले असतात, हॉकआयसाठी.

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. "काल तू म्हणालीस ह्यानं लिहिलं."

"हो."

"आणि रडलीस."

हल्ली चष्म्याच्या पोराच्या निरोपाचा भाग आठवून मी काही सांगायला लागले, की त्या हात वर करतात. "थांब. आधी दाखव."